विद्यार्थ्यांच्या चर्चेचे प्रोत्साहन आणि नियमन : एक ऐतिहासिक मागोवा
(विशेष संदर्भ : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर)

प्रस्तावना

महाविद्यालयीन वर्गात तास संपताना प्राध्यापक विचारतात, "कोणाला काही शंका?" बहुतेक वेळा वर्ग शांत असतो. याच वर्गातील विद्यार्थी दहा मिनिटांनी उपाहारगृहात किंवा कल्याणकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यात त्याच विषयावर हिरीरीने बोलताना आढळतात. म्हणजे विद्यार्थ्यांना मत नसते किंवा ते मांडण्याची हौस नसते, असे म्हणता येत नाही. वर्गात ते का बोलत नाहीत, आणि कधी बोललेच तर त्या बोलण्याला वळण कोणी व कसे लावावे, हे दोन प्रश्न अध्यापकांपुढे कायम असतात. पहिला प्रश्न प्रोत्साहनाचा आहे, तर दुसरा नियमनाचा.

हे प्रश्न शिक्षणशास्त्राचे म्हणून ओळखले जातात आणि त्यांची उत्तरे बहुधा परदेशी ग्रंथांत शोधली जातात. परंतु महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या संघटित चर्चेला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात यश आहे, फसगत आहे आणि काही ठिकाणी अतिशय भारी किंमतही आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासातील काही प्रसंग तपासून चर्चेला उत्तेजन कशाने मिळते, नियमन कोठे उपकारक ठरते व कोठे घातक ठरते, याचा विचार केला आहे. त्यासाठी प्रथम आपल्या परंपरेतील वादविषयक संकल्पना पाहिल्या आहेत. त्यानंतर एकोणिसाव्या शतकातील मुंबईतील विद्यार्थिसभा, ठाणे-कल्याण परिसरातील वाचनालये व व्याख्यानमाला, विसाव्या शतकातील निर्बंध आणि शेवटी आजची महाविद्यालये, असा क्रम ठेवला आहे.

वाद, जल्प आणि वितंडा

चर्चेचे नियमन ही कल्पना इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली, असा समज आहे. तो बरोबर नाही. न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे दोन पक्षांत चालणाऱ्या चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करीत राहणे म्हणजे वितंडा. याच शास्त्रात बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. प्रतिज्ञा सोडून देणे, विषयांतर करणे, तेच तेच पुन्हा बोलणे, उत्तर न सुचणे अशा ज्या जागी वादी पराभूत मानला जातो, त्या या जागा होत.

या विभागणीतील मर्म अध्यापकाने लक्षात घेण्याजोगे आहे. शास्त्रकारांनी बोलण्याच्या विषयावर बंधन घातलेले नाही, बोलण्याच्या रीतीवर घातले आहे. कोणत्या विषयावर बोलावे हे न सांगता, बोलताना काय केले तर ते बोलणे चर्चेतून बाद होते, हे त्यांनी सांगितले. विषयाचे नियमन आणि रीतीचे नियमन हा भेद पुढील सर्व विवेचनाचा आधार आहे. अर्थात हा अधिकार ज्या समाजात होता तेथे तो थोड्या लोकांपुरता होता. पाठशाळेच्या उंबरठ्याबाहेरच्या बहुसंख्यांना वादाचे हे नियम पाळण्याची संधीच नव्हती, हेही येथेच नोंदवले पाहिजे.

एल्फिन्स्टनमधील विद्यार्थिसभा

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. प्रा. पॅटन हे तिचे पहिले अध्यक्ष होते. दादाभाई नौरोजी, नौरोजी फर्दुनजी, भाऊ दाजी यांसारखी पुढे नावारूपास आलेली मंडळी या सभेशी संबंधित होती. सभेची रीत साधी होती. एका सभासदाने आधी तयार केलेला निबंध वाचावयाचा आणि त्यावर इतरांनी चर्चा करावयाची. धार्मिक व राजकीय वादाचे विषय मात्र सभेत आणावयाचे नाहीत, असे बंधन होते.

या रचनेतील तीन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे निबंधवाचन. चर्चा रिकाम्या जागेतून सुरू होत नसे. कोणीतरी काही दिवस विचार करून, कागदावर उतरवून आणलेले असे आणि इतरांना त्याला धरून किंवा त्याला विरोध करून बोलता येई. आज आपण वर्गात "या विषयावर तुमचे मत काय?" असे एकदम विचारतो, तेव्हा ज्याला पटकन सुचते तोच बोलतो. बाकीचे गप्प राहतात. विचार करून बोलणाऱ्या विद्यार्थ्याला तयारीचा अवधी लागतो आणि निबंधाची प्रथा तो अवधी देत असे.

दुसरी गोष्ट म्हणजे भाषा. सभेचे कामकाज इंग्रजीत चालत असले तरी तेवढ्याने भागत नाही, हे सभासदांना लौकरच कळून आले. १८४८ मध्येच मराठीसाठी 'उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा' ही शाखा निघाली आणि तिचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांनी स्वीकारले. गुजराती भाषकांसाठीही स्वतंत्र शाखा निघाली. मराठी शाखेतील निबंधांना छापील रूप मिळावे म्हणून १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक सुरू झाले. आपण बोललेले छापले जाणार आहे, ते वर्गाबाहेरचे लोक वाचणार आहेत, ही जाणीव विद्यार्थ्याला जबाबदार करते. उत्तेजन आणि नियमन ही दोन्ही कामे एकाच उपायाने साधण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

तिसरी गोष्ट म्हणजे चर्चेचे पर्यवसान. १८४९ मध्ये बेहरामजी गांधी यांनी सभेपुढे स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. विषय नवा आणि नाजूक होता. बाजूने बोलणारे पुष्कळ निघाले. तेव्हा प्रा. पॅटन यांनी तरुणांना केवळ बोलण्यावर न थांबता प्रत्यक्ष काही करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी सभेच्या सभासदांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि सकाळच्या वेळी स्वतः विनामूल्य शिकवण्याचे काम पत्करले. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या वडीलधाऱ्या नागरिकांचे साहाय्य या कामाला मिळाले. अध्यक्षाने या प्रसंगी जे केले ते नियमनाचे सर्वांत चांगले रूप होय. त्यांनी कोणाला गप्प बसवले नाही आणि स्वतःचे मत लादलेही नाही. बोलणाऱ्याला त्याच्याच बोलण्यापुढे उभे केले.

वर्ज्य विषयांचे काय झाले?

धर्म व राजकारण वर्ज्य ठेवण्याच्या नियमाचा या ठिकाणी थोडा विस्ताराने विचार केला पाहिजे. हा नियम अविचाराने केलेला नव्हता. सभेत हिंदू होते, पारशी होते आणि प्राध्यापक ख्रिस्ती होते. धर्मांतराच्या प्रकरणांनी मुंबईचे वातावरण आधीच तापलेले होते. पालकांचा विश्वास गमावला असता तर सभाच बंद पडली असती. म्हणून नियम होता आणि त्यामुळे सभा टिकली, हे मान्य करावे लागते.

परंतु वर्ज्य केलेले विषय तरुणांच्या मनातून गेले नाहीत. १८४९ मध्येच मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. तिच्या प्रेरणास्थानी दादोबा पांडुरंग होते आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते. जातिभेद मोडावा, एका ईश्वराची उपासना करावी, अशी या सभेची तत्त्वे होती. तिचे कामकाज गुप्तपणे चाले. सभासद होणाऱ्याला परधर्मीयाने केलेला पाव खावा लागे, असा तिचा दंडक होता. १८६० साली सभासदांच्या नावांची यादी बाहेर पडली आणि सभा मोडली. सभासद घाबरून पांगले. जे खुल्या सभेत बोलता येत नव्हते ते बंद खोलीत बोलले गेले, आणि बंद खोलीतील बोलण्याला लोकांसमोर उभे राहण्याचा सराव नसल्याने पहिल्याच आघातात ते कोसळले. तिच्याच काही सभासदांना बरोबर घेऊन १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, तो मात्र उघडपणे.

राजकारणाचेही असेच झाले. विद्यार्थिसभेत ज्याला जागा नव्हती त्या विषयासाठी १८५२ मध्ये 'बॉम्बे असोसिएशन' ही वेगळी संस्था काढावी लागली. येथे मात्र परिणाम चांगला झाला. कारण हा विषय गुप्ततेत न जाता दुसऱ्या खुल्या व्यासपीठावर गेला. या दोन उदाहरणांवरून असे अनुमान काढता येते की एखादा विषय एका ठिकाणी वर्ज्य करणे हा स्वतः दोष नव्हे. त्या विषयासाठी दुसरी खुली जागा आहे किंवा नाही, यावर त्या निर्बंधाचे भले-बुरे अवलंबून असते.

धर्माची चर्चा उघड्यावर झाली असती तर काय झाले असते, याचेही उत्तर इतिहासात मिळते. १८५७ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनारी वादविवाद झाले. ते ऐकण्यास मोठा समुदाय जमे. जॉर्ज बोवेन यांनी या चर्चांचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. अत्यंत नाजूक विषयावर, भर गर्दीत, आठवड्यामागून आठवडे वाद चालू शकला, कारण दोन्ही पक्षांना बोलण्याची पाळी मिळत होती आणि बोललेल्याची नोंद राहत होती. विषय ज्वालाग्राही असला तरी रीत सांभाळली तर चर्चा चालते, याचा हा पुरावा आहे. उलट पक्षी, रीत सुटली की काय होते हे पुण्याने फेब्रुवारी १८९१ मध्ये पाहिले. संमतिवयाच्या विधेयकाच्या बाजूने क्रीडाभुवनात भरलेली सुधारकांची सभा जमावाने उधळून लावली. तेथे मत मांडले गेले नाही आणि खोडलेही गेले नाही. मतभेद होता तसाच राहिला, फक्त कटुता वाढली.

कल्याणची एक विद्यार्थिनी

या इतिहासात ठाणे-कल्याण परिसराचे नाव एका मुलीमुळे ठळकपणे येते. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात जाहीर भाषण केले. वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हायला अजून महिना उरला होता. वैद्यकीय शिक्षणासाठी एकटीने अमेरिकेस जाण्याचा त्यांचा निश्चय झाला होता आणि त्यावर सर्व बाजूंनी टीका होत होती.

या भाषणाची रचना अध्यापकांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. आनंदीबाईंनी स्वतःचे समर्थन सरळ मांडले नाही. लोक आपल्याला कोणते प्रश्न विचारतात ते त्यांनी प्रथम सांगितले. अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? संकट आले तर काय कराल? आणि आजवर कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तुम्ही का करावे? असे सहा प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाला उत्तर दिले. विरोधकाचा आक्षेप त्याच्यापेक्षा स्वच्छ शब्दांत मांडून मग त्याचे उत्तर देणे ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची जुनी रीत होय. ज्या पाठशाळेत स्त्रियांना प्रवेश नव्हता, तिची सर्वोत्तम शिस्त कल्याणच्या या मुलीने इंग्रजी भाषणात उतरवली. पुढे १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, स्वदेशी परतल्यानंतर काही महिन्यांतच, त्यांचे निधन झाले.

परंतु एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. हे भाषण कल्याणात झाले नाही. ते परप्रांतात, परभाषेत, मिशनऱ्यांनी स्थापलेल्या महाविद्यालयाच्या दालनात झाले. जन्मगावी अशा मुलीला उभे राहून बोलण्याची जागा नव्हती. बोलण्याचे सामर्थ्य आणि बोलण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा नसली म्हणून सामर्थ्य नाही असे मानण्याची चूक आपण आजही वर्गातील शांत विद्यार्थिनींच्या बाबतीत करतो.

वाचनालय आणि व्याख्यानमाला : श्रोत्यांची परंपरा

मुंबईच्या ज्ञानव्यवहाराशी ठाणे व कल्याण ही गावे आगगाडीने लौकर जोडली गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. या नव्या दळणवळणाबरोबर वाचनाची व मतप्रदर्शनाची साधनेही आली. कल्याणात १८६४ मध्ये सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. ठाण्यात १८६६ मध्ये 'अरुणोदय' हे वृत्तपत्र निघाले. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करण्याचा संकल्प घेऊन उभी राहिलेली ही संस्था शतकाहून अधिक काळ टिकली, ही या शहराच्या अभिमानाची बाब आहे.

याच काळात पुण्यात न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ही माला चालवणाऱ्या सभेचे नावच 'वक्तृत्वोत्तेजक सभा' होते. म्हणजे मूळ हेतू ऐकवण्याचा नव्हता, बोलण्याला उत्तेजन देण्याचा होता. पुढे व्याख्यानमालेची प्रथा महाराष्ट्रभर पसरली. ठाण्यातील रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेसारख्या मालांनी, गणेशोत्सवातील व्याख्यानांनी आणि वाचनालयांच्या कार्यक्रमांनी ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे एक सुजाण श्रोतृवर्ग घडवला. डिसेंबर २०१० मध्ये ठाण्यात आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली, ती या श्रोतृवर्गाच्या बळावरच.

मात्र या परंपरेची एक मर्यादा आहे. व्याख्यानमालेत वक्ता बोलतो, श्रोते ऐकतात, अध्यक्ष समारोप करतात आणि आभारप्रदर्शन होते. प्रश्नोत्तरे झालीच तर वेळ उरला तर. वक्तृत्वाला उत्तेजन देण्यासाठी निघालेल्या प्रथेतून कालांतराने उत्तम श्रोते निर्माण झाले, वक्ते मात्र ठरावीकच राहिले. आपली महाविद्यालये याच वातावरणात वाढली. विद्या प्रसारक मंडळासारखी १९३५ पासून ठाण्यात शिक्षणकार्य करणारी संस्था १९६९ मध्ये महाविद्यालयीन शिक्षणाकडे वळली. १९७२ मध्ये कल्याणात बिर्ला महाविद्यालय सुरू झाले. वर्गातील व्याख्यान हे अध्यापनाचे मुख्य साधन आम्ही सर्वांनी गृहीत धरले, कारण शहरातील सांस्कृतिक जीवनाचाही तोच नमुना होता. विद्यार्थी वर्गात गप्प बसतो तेव्हा तो बेफिकीर असतोच असे नाही. कित्येकदा तो चांगल्या श्रोत्याची घरी व गावात शिकलेली रीत पाळत असतो.

निर्बंधांचे शतक

विसाव्या शतकात विद्यार्थ्यांच्या चर्चेवरील नियमन संस्थेच्या अध्यक्षाकडून शासनाकडे व प्राचार्यांकडे गेले. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयातील विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड झाला व वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. प्राचार्य रँग्लर परांजपे हे स्वतः सुधारक व विचारस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते होते. संस्था वाचवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. पॅटन यांच्या आणि त्यांच्या वागण्यातील अंतर व्यक्तींच्या स्वभावापेक्षा काळाच्या दडपणाचे अधिक होते. १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांच्या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक निघाले आणि विद्यार्थी व शिक्षक यांच्या राजकीय सभांतील सहभागावर अंकुश आणला गेला.

या आधीच, १९०० च्या सुमारास, नाशिकला तरुणांचा 'मित्रमेळा' सुरू झाला होता. त्याच्या साप्ताहिक बैठकांत इतिहास, चरित्रे व देशस्थिती यांवर चर्चा होई. या खुल्या मंडळाच्या आत एक गुप्त मंडळ होते. परमहंस सभेच्या वेळी दिसलेला नमुना येथे पुन्हा दिसतो. मात्र या वेळी किंमत नावांच्या यादीपुरती राहिली नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची हत्या झाली. त्या वेळच्या औरंगाबादेत शिकत असलेला अनंत कान्हेरे हा तरुण, तसेच कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

निर्बंधामुळेच हे घडले, असा सरळ कार्यकारणभाव सांगणे इतिहासाला धरून होणार नाही. पारतंत्र्य हे मूळ कारण होते आणि त्या तरुणांचा मार्ग त्यांनी स्वतः निवडला होता. तरीही ठाण्यात अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाने त्या तुरुंगाच्या भिंतीवरून जाताना एक विचार करण्यासारखा आहे. विशीही न ओलांडलेल्या मुलाच्या मनात जे चालले होते, ते त्याने कोणत्याही वर्गात, कोणत्याही शिक्षकापुढे मोकळेपणाने मांडावे अशी सोय त्या काळाने ठेवली नव्हती.

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यार्थिसंसदा व महाविद्यालयीन निवडणुका हे सहभागाचे नवे साधन झाले. त्यांत पुढे पैसा, बाहेरील पक्ष आणि दांडगाई शिरली. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थिनेत्याची हत्या झाली. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ ने खुल्या निवडणुकीऐवजी गुणवत्तेच्या आधारे नामनिर्देशनाची पद्धत आणली. हिंसा थांबवण्याची निकड खरी होती. परंतु परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी इतरांच्या वतीने बोलू शकतोच, हे गृहीत कधी तपासले गेले नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. मधल्या दोन दशकांत जे विद्यार्थी शिकून गेले, त्यांच्यापैकी कित्येक आज आमच्याच महाविद्यालयांत अध्यापक आहेत. ज्यांनी विद्यार्थी असताना सभा चालवलेली पाहिली नाही, त्यांच्याकडून आज वर्गातील चर्चा चालवण्याची अपेक्षा केली जाते.

आजचा वर्ग

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील वर्गाची रचना एल्फिन्स्टनच्या सभेपेक्षा अधिक संमिश्र आहे. शहरी घरांतील मराठी मुले आहेत. आगरी-कोळी बोली घरी बोलणारी आहेत. शहापूर-मुरबाडकडून गाडीने येणारी आहेत. त्यांत आदिवासी पाड्यांवरून प्रथमच महाविद्यालयात आलेली आहेत. उल्हासनगरचे सिंधी भाषक आहेत, हिंदी व गुजराती भाषक आहेत. वाणिज्य व विज्ञान शाखांत माध्यम इंग्रजी आहे. अशा वर्गात "बोला" असे सर्वांना सांगितले तरी बोलण्याचे निमंत्रण सर्वांना सारखे पोहोचत नाही. ज्याची बोली वर्गात हसण्याचा विषय होते, तो दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. १८४८ च्या विद्यार्थ्यांनी हा अडसर काही महिन्यांत ओळखून मातृभाषेची शाखा काढली होती, हे येथे आठवावे.

वेळेचाही प्रश्न आहे. सकाळ-दुपारच्या सत्रांमुळे तास संपताच वर्ग रिकामा करावा लागतो आणि विद्यार्थ्याला ठरलेली गाडी गाठायची असते. शिवाय अनेकांना शिकत असतानाच नोकरी करावी लागते. संध्याकाळच्या निवांत सभेची कल्पना त्यांच्या दिनक्रमात बसत नाही.

२०२० च्या मार्चनंतर महासाथीमुळे अध्यापन पडद्यावर गेले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट अनेक अध्यापकांच्या ध्यानात आली. वर्गात कधीही न बोलणारे काही विद्यार्थी लिहून प्रश्न विचारू लागले. तोंडाने बोलण्याचा संकोच लिहिण्यात नव्हता आणि विचार करायला दोन मिनिटे मिळत होती. दुसरीकडे, मोबाइल किंवा जोडणी नसलेले विद्यार्थी चर्चेतूनच नव्हे तर वर्गातूनही नाहीसे झाले, आणि चेहरा दिसत नसल्याने काहींच्या लेखणीला धरबंद राहिला नाही. निबंध लिहून आणण्याची जुनी प्रथा, मातृभाषेची शाखा आणि नावानिशी छापण्याची जबाबदारी या तिन्हींचे मोल या अनुभवाने नव्याने पटवून दिले. साधन बदलले तरी अध्यक्षाचे काम तेच राहते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. चर्चेला उत्तेजन मिळते ते तयारीच्या अवधीमुळे. आधी लिहिलेल्या मजकुरावर आधारलेली चर्चा मितभाषी विद्यार्थ्यालाही सामावून घेते.

२. विद्यार्थी ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेला चर्चेत स्थान दिल्याशिवाय सहभाग वाढत नाही. बोलीची थट्टा होऊ न देणे हे नियमनाचे पहिले काम होय.

३. नियमन शक्यतो रीतीचे असावे, विषयाचे नसावे. वैयक्तिक दोषारोप, पुनरुक्ती, विषयांतर आणि दुसऱ्याला बोलू न देणे ही आजची निग्रहस्थाने मानावीत व ती चर्चेच्या आरंभीच सर्वांना सांगावीत.

४. एखादा विषय वर्ज्य करणे अपरिहार्य झाल्यास तो कोठे, केव्हा व कोणापुढे बोलता येईल हे त्याच वेळी सांगावे. जागा नसलेला विषय संपत नाही. तो आपल्या नजरेआड जातो.

५. अध्यक्षस्थानी बसलेल्या अध्यापकाने आपले मत शेवटी सांगावे, आणि चर्चेची नोंद व पुढील कृती यांचा आग्रह धरावा. ज्या बोलण्यातून काहीच घडत नाही, त्यात विद्यार्थी फार काळ रस घेत नाहीत.

समारोप

प्रोत्साहन आणि नियमन या परस्परविरोधी गोष्टी आहेत, अशी आपली समजूत असते. उत्तेजन दिले तर गोंधळ होईल आणि शिस्त लावली तर विद्यार्थी गप्प बसतील, या भीतीने आपण मधला मार्ग म्हणून पुन्हा व्याख्यानाकडे वळतो. एल्फिन्स्टनची सभा, समुद्रकिनाऱ्यावरील वाद आणि श्रीरामपूरचे भाषण या तिन्ही ठिकाणी मात्र असे दिसते की नियम माहीत होता म्हणूनच बोलणाऱ्याला धीर आला. परमहंस सभेच्या आणि मित्रमेळ्याच्या इतिहासातून याची दुसरी बाजू दिसते. तरुण बोलणारच असतो. ते बोलणे आपल्यासमोर व्हावे की आपल्या पाठीमागे, एवढेच ठरवणे बऱ्याच अंशी शिक्षकाच्या हाती असते. वर्गाच्या शेवटी विचारलेल्या "कोणाला काही शंका?" या प्रश्नाला उत्तर येत नाही, तेव्हा ती शंका कोठे गेली याचा शोध घेणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.